टार्गेटवरचा ग्रुप कसा वाचायचा: एअर पिस्तूल नेमबाजांसाठी चूक शोधण्याची पद्धत

कार्ड पुढ्यात आलं, तीन शॉट डावीकडे खाली दिसले, की लगेच स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. बॅकसाइट (नेम धरायची मागची, खाच असलेली साइट) दोन क्लिक उजवीकडे. पुढच्या कार्डावर शॉट उजवीकडे जातात, म्हणून परत दोन क्लिक डावीकडे. तासाभरानंतर पिस्तूल कुठे मारतंय हेही कळत नाही आणि आपण काय करतोय हेही नाही. दुसरी सवय याहून जुनी आहे. भिंतीवर चिकटवलेला तो गोल तक्ता बघायचा, ‘डावीकडे म्हणजे ट्रिगरवर बोट कमी’ एवढं वाचायचं आणि बोट आत सरकवायचं.

या दोन्ही सवयींत क्रम चुकतो. टार्गेटवरचं भोक सगळ्यात शेवटी पडतं. त्याच्या आधी पिस्तूल, पेलेट (त्यातली छोटी गोळी), उजेड, पाय, मूठ, डोळा आणि बोट यांतलं काहीही बिघडलेलं असू शकतं आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच जागी भोक पाडतात. म्हणून ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, नुसता बघून भागत नाही. एकेक कारण बाद करत जावं लागतं.

खालचं सगळं १० मीटर एअर पिस्तूलसाठी आहे. म्हणजे उभं राहून, एका हाताने, उघड्या साइटने. दिशा उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी दिल्या आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं, वर-खाली तेच राहतं. दिशा घड्याळाच्या आकड्याने सांगितली आहे (‘७ वाजता’ म्हणजे डावीकडे खाली) आणि गुण अक्षरांत लिहिले आहेत (आठ, नऊ, दहा), म्हणजे घोटाळा होणार नाही.

## सुरुवातीला हे आकडे लक्षात घ्या

एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, नऊचं २७.५, आठचं ४३.५ आणि सातचं ५९.५. सातपर्यंतचा भाग काळा असतो. पेलेटचा व्यास ४.५ मिमी आहे आणि त्याची कड वर्तुळाला शिवली तरी वरचा गुण मिळतो. हिशोब केला तर पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमी सरकला तरी दहा टिकतो.

आता दोन प्रकारच्या चुका शेजारी ठेवून बघा. फोरसाइट (नळीच्या टोकावरची साइट) बॅकसाइटच्या खाचेत अगदी बरोबर बसलेली आहे, पण अख्खा हात ५ मिमी डावीकडे डुलला. शॉटही ५ मिमी डावीकडे जाईल आणि दहाच लागेल. याउलट हात मध्यावर स्थिर आहे, पण फोरसाइट खाचेत अर्धा मिमी सरकली. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंमी धरलं, तर १० मीटरवर ही चूक तीस पट होते. शॉट १५ मिमी बाहेर, म्हणजे नऊ. १ मिमी सरकली तर ३० मिमी बाहेर, थेट सात.

हात डुलतो म्हणून घाबरणारे आणि शॉट ‘पकडायला’ ट्रिगर झटकणारे नेमबाज हे गणित उलटं धरून चालतात. डुलण्याने फार कमी नुकसान होतं. ते थांबवायच्या घाईत मनगट वळतं आणि सगळं तिथे जातं.

## तयारी

लागणारं सामान: कोरी टार्गेट कार्डं किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट, वही, पेन्सिल, ट्रेसिंग पेपर, स्टॉपवॉच, कागदाची एक अरुंद पट्टी. आणि जमलं तर एक माणूस, जो तुमच्या हाताकडे बघेल आणि टार्गेटकडे अजिबात बघणार नाही.

वहीत पाच रकाने आखा: शॉट क्रमांक, कॉल, प्रत्यक्ष शॉट, होल्डचे सेकंद, शेरा. ‘होल्ड’ म्हणजे शॉट सुटेपर्यंत नेम धरून ठेवणं. ‘कॉल’ म्हणजे ट्रिगर सुटला त्या क्षणी फोरसाइट कुठे होती यावरून तुम्ही सांगितलेली जागा, उदाहरणार्थ ‘नऊ, ४ वाजता’.

सायलेन्सरसारखं काही बसवायचं नाही, नवीन ग्रिप लावून यायचं नाही, नवा चष्मा घालून यायचं नाही. ज्या अवस्थेत चूक होते आहे, त्याच अवस्थेत तपासायचं.

इशारा: या पद्धतीत पिस्तूल वारंवार टेबलावर ठेवावं आणि उचलावं लागतं. दर वेळी नळी टार्गेटच्या दिशेलाच, ब्रीच (पेलेट भरायची जागा) उघडी आणि सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) आत. दुसऱ्याच्या हातात पिस्तूल थेट देऊ नका. टेबलावर ठेवा, मग त्याने उचलावं. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदतही आजच बघून घ्या, मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही.

## टप्पा १: पिस्तूल आणि पेलेट बाद करा

१. ग्रिपचा स्क्रू, बॅकसाइट, फोरसाइट आणि नळीचा पुढचा भाग हाताने हलवून बघा. ग्रिप किंचित सैल असली तरी ग्रुप पसरतो आणि तो पसरलेला ग्रुप हुबेहूब नवशिक्याचा वाटतो.

२. सिलिंडरचा दाब बघा. पेलेटचा वेग सेकंदाला साधारण १५५ मीटर असतो. दाब फार उतरल्यावर तो १४० पर्यंत आला, तर १० मीटरवर शॉट सुमारे ५ मिमी खाली लागतो. ग्रुपला खाली शेपूट फुटलेलं दिसतं आणि नेमबाज मनगटाला दोष देत बसतो.

३. पेलेट डबीतून तळहातावर ओता आणि स्कर्ट (मागची पातळ कड) चेपलेले बाजूला काढा. चाचणी संपेपर्यंत एकच डबी वापरा.

४. बसून, मनगटाखाली वाळूची पिशवी किंवा घडी केलेला टॉवेल ठेवून १० शॉट मारा. घाई नको. सगळे शॉट एकमेकांना चिकटून, दहाच्या वर्तुळाएवढ्या जागेत यायला हवेत.

तपासणी: टेकवून मारलेल्या ग्रुपचा फक्त आकार बघा. तो मध्यावर आहे की नाही याला अर्थ नाही, कारण टेकवल्यावर पिस्तूल वेगळ्या जागी मारतं. इथे साइट फिरवलीत तर पुढचं सगळं वाया गेलं.

टेकवूनही ग्रुप पसरला तर इथेच थांबा. नळी साफ करा, पेलेटचा दुसरा बॅच घ्या, रेंजवरच्या जाणत्या माणसाला पिस्तूल दाखवा. पिस्तूल बरोबर नसेल तर पुढच्या टप्प्यांतून निघणारं प्रत्येक अनुमान खोटं ठरेल.

## टप्पा २: ३० शॉट, न बघता

सगळ्यांत जास्त टाळाटाळ या टप्प्यात होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पाच शॉटवरून निष्कर्ष काढू नका. तुमच्या एकेका शॉटची आडवी पसरण सरासरी १० मिमी आहे असं धरा. मग पाच शॉटच्या ग्रुपचा मध्य निव्वळ योगायोगानेच साडेचार मिमी इकडे-तिकडे होऊ शकतो. ३० शॉट घेतले तर हीच अनिश्चितता दोन मिमीच्या आत येते. पाच शॉट बघून फिरवलेली साइट बहुतेक वेळा योगायोगाचा पाठलाग करत असते.

पद्धत अशी:

१. १० सायटर (सुरुवातीचे चाचणीचे शॉट) मारून अंग मोकळं करा. हे मोजायचे नाहीत.

२. मॉनिटर उलटा फिरवा किंवा त्यावर रुमाल टाका. कागदी टार्गेट असेल तर एका कार्डावर पाच शॉट मारा आणि कार्ड न बघता पालथं ठेवा.

३. प्रत्येक शॉटनंतर हात खाली आणण्याआधीच कॉल मनात ठरवा. हात खाली आला की वहीत लिहा. ‘बरा होता’ हा कॉल नाही. जागा सांगता आली नाही तर रकान्यात फुली मारा. फुलीसुद्धा माहितीच आहे, आणि बरीच महत्त्वाची.

४. १० शॉट झाल्यावर पिस्तूल टेबलावर ठेवा, हात पूर्ण सोडा, दोन मिनिटं बाजूला व्हा आणि परत पकड घ्या. अशा तीन फेऱ्या करा.

५. शेवटी सगळी कार्डं ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवा. तीन फेऱ्यांसाठी तीन खुणा वापरा: टिंब, फुली, त्रिकोण. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक मालिकेचा फोटो काढून तेच करा.

इशारा: मधे एक ‘चोरटा’ कटाक्ष टाकला तरी पुढचे कॉल बिघडतात. शॉट ९ वाजता दिसला की पुढचा शॉट तुम्ही नकळत ३ कडे नेता.

## टप्पा ३: ग्रुपचा मध्य आणि पसरण वेगळी करा

ट्रेसिंग पेपरवर दोन गोष्टी पेन्सिलने काढा. ३० शॉटचा मध्य अंदाजाने: जितके डावीकडे तितकेच उजवीकडे राहतील अशी उभी रेघ, जितके वर तितकेच खाली अशी आडवी रेघ. मग ३० पैकी २५ शॉट ज्यात मावतील असा वेढा.

मध्य सरकलेला आहे की पसरण जास्त आहे, हे दोन वेगळे आजार आहेत. मध्य सरकला तर कारण प्रत्येक शॉटमध्ये सारखं आहे: साइट, उजेड, मुठीची ठेवण, बोटाचा कायमचा दाब. पसरण जास्त असेल तर कारण शॉटागणिक बदलतंय: डोळ्याचा फोकस, होल्डची लांबी, ट्रिगरचा झटका. बॅकसाइट फिरवून पसरण एका मिलिमीटरनेही कमी होत नाही.

आता तिन्ही खुणा वेगवेगळ्या बघा. प्रत्येक फेरीचा ग्रुप घट्ट आहे, पण टिंबांचा मध्य एकीकडे आणि त्रिकोणांचा दुसरीकडे, असं दिसलं तर पुढे फार शोधायला नको. पकड परत घेताना मूठ दर वेळी वेगळी बसते आहे. ग्रिपमध्ये हात बसवायचा क्रम ठरवा: अंगठा आणि तर्जनीमधला खोबण आधी वर घट्ट बसवायचा, मग तळहात, मग तीन बोटं, अंगठा शेवटी आणि सैल. डाव्या हाताने नळी धरून उजवा हात आत बसवला तर तो रोज एकाच जागी जातो.

## टप्पा ४: कॉल आणि शॉट शेजारी ठेवा

माझ्या मते पूर्ण पद्धतीचा गाभा इथे आहे. टार्गेटवरची दिशा बघण्याआधी वहीतले दोन रकाने बघा.

कॉल आणि शॉट जुळतात. तुम्ही ४ वाजता नऊ म्हणालात आणि साधारण तिथेच लागला. डोळा काम करतोय, साइट बरोबर आहे. चूक तुम्हाला दिसत होती, तरी शॉट सुटला. उपाय शॉट सोडून देण्याच्या शिस्तीत आहे: फोरसाइट स्थिरावल्यापासून ६ ते ८ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली.

कॉल मध्याभोवती, शॉट सगळे एका बाजूला आणि तितक्याच अंतरावर. साइटची मांडणी किंवा उजेड. तंत्राला हात लावू नका.

कॉल ‘दहा’, शॉट एका दिशेला पण कधी कमी, कधी जास्त. ट्रिगर सुटण्याच्या शेवटच्या क्षणात काहीतरी घडतंय आणि त्या क्षणी तुम्ही बघत नाही आहात. डोळा मिटतो, किंवा नजर फोरसाइट सोडून टार्गेटवर उडी मारते. ट्रिगरच्या चुका बहुतेक या गटात सापडतात.

वहीत फुल्याच फुल्या. तुम्ही टार्गेट बघता आहात, फोरसाइट नाही. ग्रुपचा आकार वाचण्यात आत्ता अर्थ नाही. एक आठवडा कार्ड उलटं लावून, पांढऱ्या बाजूवर मारा. काळा गोळा समोर नसला की डोळ्याला फोरसाइटशिवाय बघायला काही उरत नाही. पांढऱ्यावरचा ग्रुप काळ्यावरच्या ग्रुपएवढाच किंवा त्याहून लहान आला तर समजा, गोळाच तुमची नजर खेचत होता.

## टप्पा ५: आता आकार आणि दिशा वाचा

भिंतीवरच्या गोल तक्त्याची पाळी इथे येते, आणि तीही सांभाळून. त्यातल्या काही फाका झटका देणाऱ्या पिस्तुलांसाठी आहेत. ‘धक्क्याच्या अपेक्षेने मनगट ढकललं’ हे निदान एअर पिस्तूलला क्वचितच लागू पडतं, कारण धक्का जवळजवळ नसतोच. तक्ता संशय सुचवतो, पुरावा देत नाही.

मोठा गोल ग्रुप, मध्य बरोबर. फोकस टार्गेटवर, किंवा होल्ड फार लांब. वहीतले सेकंद बघा. १० सेकंदांपुढचे शॉट वेगळ्या रंगाने भरा. बाहेरचे बहुतेक शॉट तेच निघाले तर हात वेळेवर खाली आणायला शिकणं एवढंच काम आहे.

उभी रेघ (१२ ते ६). तीन ठिकाणी बघा. पहिलं, फोरसाइटचा माथा खाचेच्या कडांशी दर वेळी सपाट असतो का. दुसरं, नेम धरताना काळा गोळा आणि फोरसाइट यांच्यामध्ये सोडलेली पांढरी पट्टी. ती पट्टी जितकी अरुंद ठरवाल तितका मोह होतो गोळ्याला ‘टेकवायचा’. पट्टी रुंद ठेवा आणि तिची रुंदी मोजत बसू नका. तिसरं, श्वास: कधी भरलेल्या छातीने शॉट, कधी रिकाम्या. शिवाय डोकं. मान पुढे काढून साइटकडे नेणारा नेमबाज दहाव्या शॉटपर्यंत मान आणखी खाली घालतो. क्रमांकानुसार शॉट खाली-खाली सरकत गेलेले असतील तर मान, खांद्याचा थकवा किंवा सिलिंडर.

आडवी रेघ (९ ते ३). आधी पाय. पिस्तूल उचला, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, हात सैल ठेवून पुन्हा स्थिरावू द्या, डोळे उघडा. फोरसाइट डावीकडे गेलेली दिसली तर मागचा, म्हणजे डावा पाय थोडा डावीकडे, छातीच्या बाजूला न्या. उजवीकडे गेली तर तोच पाय उजवीकडे, पाठीच्या बाजूला. हात वळवून दुरुस्ती करू नका. स्नायूने ओढून आणलेला हात ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जातो, आणि तुमची आडवी रेघ तिथूनच येते. हे पाच वेळा केल्यावरही फोरसाइट मध्यावर येत असेल तर खाचेतल्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी तपासा. त्या फार रुंद असतील तर डोळा समान मानतो, पण त्या समान नसतात.

७ वाजता शेपूट. बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. कॉल दहा आणि शॉट ७ ला सातवर, असे शॉट मधून-मधून आले तर नव्वद टक्के वेळा हेच, असं मी ठाम सांगेन. मूळ बहुधा ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यात (शॉट सुटण्याआधीच्या सुरुवातीच्या दाबात) असतं. नियमाप्रमाणे ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. हात खाली येत असतानाच पहिल्या टप्प्याचं वजन उचललं नाही, तर शेवटी पूर्ण ५०० ग्रॅम एकदम दाबावं लागतं, आणि ते काम एकट्या बोटाने होत नाही.

९ वाजता, घट्ट ग्रुप. बोट ट्रिगरला सरळ मागे न नेता बाजूला ढकलतंय, किंवा बोटाचं मूळ ग्रिपच्या लाकडाला घासतंय. या दोन कारणांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पुढचा टप्पा वाचल्याशिवाय बोट हलवू नका.

३ ते ५ वाजता. अंगठ्याचा दाब, बोट फार आत गेलेलं, किंवा ट्रिगर दाबताना खालची बोटं आवळणं. जाणकारांमध्येही यावर एकमत नसतं, कारण हाताच्या आकाराप्रमाणे हे बदलतं. अंगठा हवेत उचलून १० शॉट मारा. मध्य सरकला तर अंगठा.

१२ ते १ वाजता. शॉट कुठे लागला हे बघायची घाई. ट्रिगर सुटताक्षणी डोकं वर, मागोमाग हात. पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंतचे काही मिलीसेकंदही पिस्तूल स्थिर लागतं, आणि त्याआधीच सैल पडलेला हात शॉट वर नेतो. शॉटनंतर फोरसाइट पुन्हा खाचेत बसलेली दिसेपर्यंत, निदान एक-दोन सेकंद, तसंच राहा.

दोन वेगळे ग्रुप. नेमबाज याला ‘आज दिवस वाईट’ म्हणतात. दोन ग्रुप म्हणजे दोन अवस्था: चष्मा घसरल्याआधी आणि नंतर, खिडकीतून ऊन आल्याआधी आणि नंतर, उभं राहायची जागा सोडून पाणी पिऊन आल्याआधी आणि नंतर. शॉट क्रमांकावरून विभाजन नेमकं कुठे झालं ते बघा, कारण त्याच मिनिटात सापडेल. पायांभोवती खडूने रेघ मारून ठेवली तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

## टप्पा ६: एका वेळी एकच संशय, एकच चाचणी

आमच्याकडे सराव करणारी नववीतली एक मुलगी. ग्रुप सुरेख, पण ८ ते ९ वाजता, आठच्या वर्तुळात. तक्ता बघून कुणीतरी सांगितलं, ‘बोट कमी आहे.’ तिने बोट आत घातलं. ग्रुप आणखी डावीकडे. मग तिने आणखी आत घातलं. तीन आठवडे हे चाललं होतं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, “ताई, मी ट्रिगरच ओढते का हो? मला कळतच नाहीये.”

तिची वही उघडली. कॉल सगळे दहा किंवा नऊ, शॉट एकाच बाजूला, अंतर जवळजवळ सारखं. ट्रिगर झटकणाऱ्याचं अंतर असं सारखं राहत नाही. तिचं पिस्तूल उचलून उजेडात धरलं. सगळी ग्रिप खडबडीत, पण उजव्या बाजूला, तर्जनीचं मूळ जिथे येतं तिथे, नखाएवढा तुकडा घामाने काळपट होऊन चकाकत होता. तिचा हात लहान, ग्रिप मोठ्या मापाची. बोट जितकं आत जाई तितकं त्याचं मूळ लाकडावर दाबलं जाई आणि ट्रिगर दाबताना पिस्तूल डावीकडे ढकललं जाई. सल्ला पाळल्यामुळेच ग्रुप बिघडत होता.

चाचणी अगदी साधी आहे. ग्रिप धरा, बोट ट्रिगरवर ठेवा, आणि दुसऱ्याला बोट व लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी ओढायला सांगा. पट्टी नळीकडून बोटाच्या मुळापर्यंत न अडकता सरकली पाहिजे. तिची अडकली. ग्रिप काढून तो भाग कानसेने आणि मग पॉलिश पेपरने, एका वेळी थोडाथोडा घासला. पट्टी सरकू लागली त्या दिवशी ग्रुप आपला आपण उजवीकडे आला. साइटला कुणी हात लावला नव्हता.

बाकीच्या संशयांच्या चाचण्या:

ट्रिगरचा झटका: ड्राय फायरची (पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबायची) कळ असलेलं पिस्तूल घ्या. सोबत्याने तुमच्या नकळत कधी ड्राय, कधी पेलेट भरून ते टेबलावर ठेवायचं. तुम्ही दर वेळी शॉटच मारायचा. ड्रायला फोरसाइट ७ कडे बुडी मारताना तुम्हालाच दिसेल. हे १५-२० वेळा करा. दोन-तीन वेळांत काही कळत नाही.

मूठ आवळणं: सोबत्याला फक्त तुमच्या खालच्या तीन बोटांची नखं बघायला सांगा. शॉटच्या क्षणी नखं पांढरी पडली तर दाब बदलतोय.

उजेड: त्याच पिस्तुलाने, शेजारच्या लेनवर १० शॉट.

इशारा: एका दिवसात दोन गोष्टी बदलू नका. ग्रुप सुधारला तरी कशामुळे सुधारला हे कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात चूक परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ग्रिपवर पुट्टी लावून आकार बदललात तर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या तपासणी पेटीत बसतंय ना, हे स्पर्धेआधी बघून घ्या.

## टप्पा ७: दुरुस्ती बसली का ते बघा

बदल केल्यावर पहिल्या दिवसाचा ग्रुप मोजू नका. शरीर नव्याला विरोध करतं आणि पहिल्या दिवशी पसरण वाढतेच. आठवडाभर रोज २०-३० ड्राय शॉट पांढऱ्या भिंतीसमोर मारा, फक्त ती एक गोष्ट मनात ठेवून. मग टप्पा २ तसाच पुन्हा: ३० शॉट, न बघता, कॉलसकट. जुना ट्रेसिंग पेपर नव्यावर ठेवा.

मध्य सरकला पण पसरण तीच, तर दुरुस्ती बरोबर दिशेला आहे. पसरण कमी झाली पण मध्य हलला नाही, तर पुढच्या टप्प्यावर जा. काहीच बदललं नाही तर संशय चुकीचा होता. जुनी सवय परत घ्या आणि दुसऱ्या संशयाची चाचणी करा. चुकीचा संशय टाकून देणं बऱ्याच जणांना जड जातं. त्यात कमीपणा काही नाही, यादी एकाने कमी झाली.

## टप्पा ८: बॅकसाइट सगळ्यात शेवटी

कॉल मध्याभोवती, ग्रुप सलग दोन दिवस एकाच जागी, पसरण नेहमीची. आता स्क्रूड्रायव्हर घ्या.

बॅकसाइट शॉट जिथे न्यायचा त्याच दिशेला सरकते. शॉट डावीकडे असतील तर बॅकसाइट उजवीकडे. मात्र स्क्रूवरच्या खुणा प्रत्येक बनावटीत वेगळ्या असतात. काहींवर ‘शॉट इकडे जात असेल तर इकडे फिरवा’ असा अर्थ असतो, काहींवर ‘शॉट इकडे न्यायचा असेल तर’. खुणेवर विश्वास ठेवू नका. १० क्लिक एका बाजूला द्या, टेकवून पाच शॉट मारा, किती मिमी आणि कुठे सरकले ते मोजून ग्रिपच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. मग परत १० क्लिक मागे.

## स्पर्धेच्या दिवशी

६० शॉट, ७५ मिनिटं. त्यात तंत्राचं निदान करायचं नाही. सायटरच्या १५ मिनिटांत एकच प्रश्न: कॉल आणि शॉट यांच्यातलं अंतर नेहमीसारखं आहे का? नव्या रेंजचा उजेड वेगळा असतो, त्यामुळे मध्य सरकू शकतो. १० सायटरचे कॉल मध्यावर असून शॉट एका बाजूला असतील तर तेवढे क्लिक द्या. कॉलच इकडे-तिकडे असतील तर साइटला हात लावू नका.

स्पर्धा सुरू झाल्यावर एखादा आठ लागला तर वहीतल्यासारखा मनात कॉल आठवा. कॉलही आठच होता? मग पिस्तूल ठीक आहे, पुढच्या शॉटला तुम्ही हात वेळेवर खाली आणाल. कॉल दहा होता आणि असं सलग तीनदा झालं? पिस्तूल टेबलावर ठेवा, चष्मा पुसा, पायांखालची जागा बघा, ग्रिपमध्ये हात क्रमाने नव्याने बसवा. एवढं करायला ७५ मिनिटांत भरपूर वेळ असतो.